मालक माओरी की कार्यक्रम माओरी?

माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. तिथे 'माओरी पर्यटन व्यवसाय' आणि 'माओरी सांस्कृतिक पर्यटन' ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. पहिल्यात धंदा कोणाचा ते बघायचं, दुसऱ्यात पाहुण्याला काय दाखवलं जातं ते.

कायकोरा या किनाऱ्यावरच्या गावातलं 'व्हेल वॉच' घ्या, बोटीतून व्हेल दाखवणारा धंदा. न्गाय ताहू जमातीतल्या न्गाती कुरी कुळाच्या कुटुंबांनी घरं गहाण टाकून १९८७ साली ते उभं केलं. पाहुणा येतो स्पर्म व्हेल बघायला. नाही दिसला तर ८० टक्के पैसे परत. जोखीम सगळी समुद्राची. नोव्हेंबर २०१६च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात तिथला समुद्रतळच वर आला आणि बोटींना भरतीची वेळ सांभाळावी लागली. अशा धंद्याला भांडवल, विमा, परवाने यांत मदत हवी. नृत्यशिक्षक देऊन काय उपयोग?

सांस्कृतिक कार्यक्रमाची दुखणी वेगळी. माराय, म्हणजे कुळाचं सभास्थान, तिथे तांगी (अंत्यविधी) आली की साधारण तीन दिवस पाहुण्यांचा कार्यक्रम बाजूला. एजंटाशी करार करतानाच पर्यायी जागा किंवा परतावा लिहून घ्यावा. बरेच नवखे इथेच अडकतात.

दुसरं, हांगी, म्हणजे जमिनीत पुरून वाफेवर शिजवलेलं जेवण. खड्ड्यात जाळावर दोनेक तास तापवलेले दगड, त्यांवर तळाला मांस, वर भोपळा आणि कुमरा (आपलं रताळंच), मग ओली फडकी, माती, आणि तीनेक तास थांबायचं. दगड ओलसर असले तर जाळात फुटतात. मातीतून वाफ निसटली तर जेवण कच्चं. पाहुणे पाच असोत की पन्नास, खड्डा आणि जाळ करावाच लागतो. म्हणून किमान संख्या ठरवल्याशिवाय दर जाहीर करू नये. भाज्या शिजतात त्या मांसाबरोबर, एकाच वाफेवर. शाकाहारी मराठी गट येणार असेल तर वेगळी टोपली पुरत नाही, वेगळा स्वयंपाक लागतो. हे बुकिंगच्या वेळीच विचारावं.

आणि मालक कोणीही असो, 'का माते' हा हाका (घोषणांसह केलं जाणारं माओरी समूहनृत्य) जाहिरातपटात घातला तर 'ते राउपराहा' नावाचे माओरी पुढारी हे त्याचे रचनाकार आणि न्गाती तोआ रांगातिरा जमातीचे प्रमुख होते, हे २०१४च्या कायद्याप्रमाणे ठळक दाखवावं लागतं. नुसत्या रंगमंचावरच्या सादरीकरणाला हे बंधन नाही.