बुंध्याशी अळंबी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

मलेशियात किंवा सुमात्रात, तेलताडाच्या जुन्या मळ्यात वारा पडलेला असतानाही एखादे झाड आडवे होते. शेंड्याला हिरव्या झावळ्या असतात, फळांचे घडही लगडलेले असतात. बुंधा कापून पाहिला की उलगडा होतो. आतला भाग तपकिरी आणि भुसभुशीत झालेला, त्यात गडद रंगाचे वेडेवाकडे पट्टे, आणि निरोगी भाग सुरू होतो तिथे पिवळसर कड. कधी कधी आत नुसती पोकळी उरलेली असते. हे सगळे काम गॅनोडर्मा बोनिनेन्स या बुरशीचे. आग्नेय आशियातल्या पामतेलाच्या मळ्यांना हिच्याइतके कुठल्याच रोगाने छळलेले नाही.

लाकूड पचवणे सोपे नसते. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजच्या धाग्यांभोवती लिग्निन भरलेले असते आणि खोडाला ताठपणा त्यामुळेच येतो. लिग्निनची रचना इतकी गुंतागुंतीची आणि अनियमित असते, की त्याचे पूर्ण विघटन करू शकणारे जीव फार थोडे. गॅनोडर्मा त्यांपैकी एक. ती लॅकेज आणि पेरॉक्सिडेज गटातली विकरे बाहेर सोडते. ही विकरे लिग्निनच्या रेणूंचे ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून तयार होणारे अस्थिर कण रेणूंचे जाळे आतून तोडत जातात. लिग्निन गेले की सेल्युलोज उघडे पडते आणि बुरशीला तेही खाता येते. अशा कुजीला 'पांढरी कूज' म्हणतात, कारण लिग्निन आधी संपले की मागे फिकट, धागेदार लाकूड राहते. जंगलात हे काम नसते, तर पडलेल्या झाडांचे ढीग साचत गेले असते आणि त्यांतली पोषकद्रव्ये मातीत परतली नसती. म्हणून मला या बुरशीला खलनायक ठरवावेसे वाटत नाही. तिला मळ्यात इतके मोठे कुणी केले, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तेलताड मूळचा आफ्रिकेचा. 1848 मध्ये जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात त्याची चार रोपे लावली गेली. त्यांची संतती सुमात्राच्या डेली भागात पोचली आणि पुढे मलायात. 1917 मध्ये सेलांगोरमध्ये तिथला पहिला व्यापारी मळा उभा राहिला. 1931 मध्ये मलायात बुंधा कुजण्याची नोंद झाली, पण ती या मळ्याच्याही आधी लावलेल्या, पंचविशी ओलांडलेल्या झाडांवर. म्हाताऱ्या झाडांचा आजार म्हणून कुणी फारसे मनावर घेतले नाही. पुढच्या काही दशकांत मात्र ऐन उत्पन्नातली झाडे पडू लागली, आणि सर्वांत जास्त पडली ती नारळाच्या बागा तोडून लावलेल्या मळ्यांत.

जुना माड तोडल्यावर त्याचा बुंधा जमिनीतच राहायचा. दोन-तीन वर्षांत गॅनोडर्मा त्यात शिरायची आणि आयते अन्न खात बसायची. शेजारी लावलेल्या तेलताडाची मुळे वाढत वाढत त्या बुंध्याला भिडली, की ती मुळांतून नव्या झाडात जायची. स्वच्छ जमिनीवरच्या पहिल्या लागवडीत रोग दिसायला दहा-बारा वर्षे लागतात. कुजक्या बुंध्यांमध्ये लावलेल्या रोपांना तो चार-पाच वर्षांतच गाठतो. तेलताड साधारण पंचवीस वर्षांनी तोडून पुन्हा लावतात, आणि प्रत्येक फेरीत जमिनीत बुरशीच्या अन्नाची भर पडते. उत्तर सुमात्रात काही जुन्या मळ्यांत एका फेरीच्या अखेरीस निम्म्याहून अधिक झाडे गेलेली आहेत.

या बुरशीला शिदोरी किती लागते, ते प्रयोगशाळेत फार स्पष्ट दिसते. धडधाकट मुळावर नुसते बीजाणू टाकले तर सहसा काहीच होत नाही. रबराच्या लाकडाचा चांगला जाडजूड ठोकळा घेऊन त्यावर बुरशी वाढवली आणि तो रोपाच्या मुळाला टेकवून ठेवला, तरच रोग लागतो. जिवंत झाड प्रतिकार करते आणि तो मोडायला बुरशीला मागून अन्नाचा पुरवठा लागतो. मळ्यातला प्रत्येक जुना बुंधा म्हणजे असा एक प्रचंड ठोकळाच, आणि हेक्टरी सुमारे 140 झाडे एकाच जातीची, एकाच वयाची, मुळांत मुळे गुंतलेली!

तरी बीजाणू निर्दोष नाहीत. रोग केवळ मुळांतून पसरत असता, तर शेजारशेजारच्या आजारी झाडांत एकच बुरशी सापडायला हवी होती. जनुकीय तपासणीत मात्र शेजारच्या झाडांतल्या बुरशी वेगवेगळ्या निघतात. म्हणजे वाऱ्यावरून आलेले बीजाणू कापलेल्या बुंध्यांवर, तुटक्या झावळ्यांच्या देठांवर रुजत असणार.

रोग ओळखणे हीच खरी अडचण आहे. शेंड्याची कोवळी पाने न उघडता तशीच उभी राहतात. एरवी अशी एक-दोन असतात, रोगट झाडात तीन किंवा अधिक. पाणी वर चढत नसल्याने झाड दुष्काळात सापडल्यासारखे दिसते. मग जुन्या झावळ्या मोडून खोडालगत लोंबू लागतात. बुंध्याशी आधी पांढरा गोळा येतो. त्याची कडक, फळीसारखी अळंबी होते, वरून तांबूस आणि लाखेसारखी चकचकीत, खालून पांढरी, बारीक छिद्रांची. ही लक्षणे दिसतात तोवर बुंध्याचा निम्मा भाग बहुधा कुजून गेलेला असतो. ताडवर्गीय झाडाला आंब्या-फणसासारखे नवे लाकूड धरता येत नाही, त्यामुळे गेलेला भाग भरून निघत नाही. (चिनी औषधांत मान असलेली रेशी अळंबी हिचीच चुलत बहीण, हे वाचून अनेकांना नवल वाटेल.)

चहाच्या मळ्यांत अशाच एका शत्रूवर जुना आणि सुंदर उपाय सापडला होता. 1930 च्या दशकात न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, जंगल तोडून चहा लावला की आर्मिलेरिया ही बुरशी जुन्या मुळांतून चहात शिरायची. तिथे झाडे तोडण्याआधी काही काळ खोडाची साल गोल काढून टाकायला सुरुवात झाली. पानांत बनलेली साखर मग मुळांकडे उतरत नाही, मुळांतला स्टार्चचा साठा आटत जातो आणि तोडणीनंतर आर्मिलेरियाला तिथे पाय रोवता येत नाही. त्या मुळांना मग निरुपद्रवी बुरशा खाऊन टाकतात. ताडाला ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्याच्या खोडात अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या सालीखाली नसून खोडभर विखुरलेल्या असतात. म्हणून तिथे पुनर्लागवडीच्या वेळी बुंधे मुळांसकट खणून काढणे, त्यांचे बारीक तुकडे करून वाळवणे हाच मुख्य मार्ग उरतो. तो खर्चिक आहे, पण त्याला टाळाटाळ करणे परवडत नाही. ट्रायकोडर्मासारख्या स्पर्धक बुरशीची जोड मिळते, तीही लवकर सुरुवात केली तरच. रोगप्रतिकारक वाणांचा शोधही चालू आहे. त्यात डेली वंशाची झाडे आफ्रिकेतल्या काही वाणांपेक्षा जास्त बळी पडतात असे दिसले. चार रोपांतून आलेल्या वंशाकडे फारशी विविधता नसणार, हे ओघाने आलेच.

आपल्याकडे नारळावर गॅनोडर्माची ओळख जुनी आहे. तमिळनाडूत 1952 च्या चक्रीवादळानंतर तंजावूर भागात हा रोग फैलावला आणि 'तंजावूर मर' म्हणून ओळखला जाऊ लागला. माडाच्या बुंध्यातून तांबूस-तपकिरी द्रव पाझरणे ही त्याची ठळक खूण. शेजारच्या कर्नाटकात पोफळींनाही गॅनोडर्माचा असाच रोग होतो. कोकण-गोव्यातल्या बागायतदारांनी वाळूच्या, पाणी न टिकणाऱ्या जमिनीतल्या माडांचे बुंधे मुद्दाम न्याहाळावेत. असा माड आढळला तर भोवती चर खणून त्याची मुळे शेजाऱ्यांपासून तोडावीत, मेलेला माड बुंध्यासकट काढावा, उरलेल्यांना निंबोळी पेंडीसोबत ट्रायकोडर्मा द्यावा. पाणी आणि सेंद्रिय खत कमी पडू देऊ नये.

भारत पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. ही आयात कमी व्हावी म्हणून ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने 11,040 कोटी रुपयांच्या तेलताड मोहिमेला मंजुरी दिली. नव्या मळ्यांतली बरीचशी लागवड पहिल्या फेरीची असेल, आणि पहिल्या फेरीत हा रोग फारसा बोलत नाही. तरीही आजच, लागवडीच्या आराखड्यातच दोन गोष्टींची तरतूद हवी असे मला वाटते. जुन्या नारळी बागेच्या जागी तेलताड लावायचा असेल तर आधी माडांचे बुंधे काढण्याचा खर्च धरावा, आणि आज लावलेली झाडे पंचवीस वर्षांनी तोडताना त्यांचे बुंधे कोण, कशाने आणि कुणाच्या पैशाने खणणार, हेही लिहून ठेवावे.