व्हर्च्युअल मशीनमधला घुसखोर होस्टपर्यंत पोहोचला, तर सर्ट-इनला कळवायचं कसं?

इंदुरात राजेंद्रनगर, रामबाग या भागांत छोटं ऑफिस थाटून एकाच सर्व्हरवर दहा-बारा ग्राहकांची व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभारलेले वेगवेगळे संगणक) चालवणाऱ्या आपल्या मराठी मुलांसाठी ही माहिती. प्रश्न नेमका आहे: एका ग्राहकाच्या मशीनमधून कुणी होस्टमध्ये, म्हणजे ती सगळी मशीन चालवणाऱ्या मूळ सर्व्हरमध्ये, शिरल्याचा संशय आला, तर कळवायचं कुठे आणि हाताशी काय ठेवायचं?

कळवायचं दिल्लीच्या सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला. सायबर पोलिसांकडची तक्रार वेगळी. ती जरूर करा, पण तिने हे काम भागत नाही.

कुणाला बंधनकारक?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-बी खाली २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने निर्देश काढले. सेवा पुरवठादार, मध्यस्थ (इतरांची माहिती साठवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या सेवा), डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालयं, सगळी त्यात येतात. व्हीपीएस (भाड्याचे व्हर्च्युअल सर्व्हर) देणाऱ्यांचा उल्लेख तर थेट आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत सवलत होती, ती केव्हाच संपली. घरच्या लॅपटॉपवर शिकण्यापुरतं मशीन चालवणाऱ्या विद्यार्थ्यावर सक्ती नाही, पण त्यालाही कळवता येतं.

घटना लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून मुदत ६ तासांची. एवढ्यात सगळा उलगडा होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं कळवा, उरलेलं मागाहून पाठवा. पूर्ण अहवालाच्या नादात मुदत घालवू नका.

आधी दारं बंद, पण नोंद करून

इथेच बहुतेकांची चूक होते. घाबरून मशीन थेट बंद करतात आणि मेमरीतला पुरावा जातो. आधी मेमरीसकट स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) घ्या. मग त्या मशीनचं नेटवर्क तोडा आणि होस्टशी बोलायच्या वाटा एकेक करून बंद करा: शेअर्ड फोल्डर, क्लिपबोर्ड, ड्रॅग-ड्रॉप, गेस्ट एजंट (ग्राहकाच्या मशीनमध्ये, म्हणजे गेस्टमध्ये, बसवलेला होस्टचा मदतनीस प्रोग्रॅम), व्हीसॉक (होस्ट आणि गेस्ट यांच्यातली थेट जोडणी), यूएसबी जोडणी, थ्रीडी ग्राफिक्स. व्हीसॉक विसरू नका. ती वाट नेहमीच्या नेटवर्क कार्डातून जात नाही, त्यामुळे फायरवॉल कितीही कडक असली तरी ती उघडीच राहते. प्रत्येक वाट बंद करण्यापूर्वी ती चालू होती का, हे वेळेसकट लिहून ठेवा. माझ्या मते साऱ्या अर्जात सर्वांत मोलाचा कागद हाच, कारण घुसखोर कुठून आला असेल हे त्यावरूनच उमगतं.

सेटिंगमध्ये बंद दिसलं म्हणजे वाट खरोखर बंद झाली, असं मात्र धरून चालू नका. २०१५ साली उघड झालेली ‘व्हेनम’ ही चूक क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होती आणि तो कोड २००४ पासूनचा. आपल्या सर्व्हरवर फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं. काही ठिकाणी तर ड्राइव्ह बंद करूनही कंट्रोलरचा कोड चालूच राहायचा. उपाय एकच होता, पॅच, म्हणजे चूक दुरुस्त करणारं अपडेट. म्हणून हायपरव्हायझरची (होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि शेवटचा पॅच कधी लावला, हेही नोंदीत हवं.

सोबत काय ठेवायचं

घटना कधी घडली, कधी लक्षात आली, कोणत्या यंत्रणेवर परिणाम झाला, लक्षणं काय, संशयित आयपी पत्ते आणि आतापर्यंत काय केलं. निर्देशांनुसार मागच्या १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेने आपोआप केलेल्या नोंदी) जपून ठेवलेले असायला हवेत. होस्ट आणि गेस्ट दोघांचीही घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवलेली असावीत, नाहीतर दोघांचे लॉग एकमेकांशी लागत नाहीत. व्हीपीएस ग्राहकाचं नाव, पत्ता, भाड्याचा कालावधी, दिलेले आयपी आणि वापराचा हेतू ही नोंद त्याने सेवा सोडल्यावरही ५ वर्षं ठेवायची आहे. संस्थेचा संपर्क अधिकारी आधीच सर्ट-इनला कळवलेला असावा.

प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता असेल, तर स्नॅपशॉटचा हॅश (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) लगेच काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो भरावा लागतो. प्रमाणपत्राचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

कुठे द्यायचं

सर्ट-इनच्या संकेतस्थळावर घटनेचा फॉर्म आहे. ईमेलनेही चालतं, किंवा १८००-११-४९४९ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. नोंदीचा क्रमांक मिळाला की पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर ठेवा.

चूक हायपरव्हायझरमध्येच सापडली, तर तो अर्ज निराळा. आधी त्या निर्मात्याच्या सुरक्षा पथकाला खासगीत कळवा. सर्ट-इनकडेही अशा चुकांसाठी वेगळा फॉर्म आहे. त्यात उत्पादनाचं नाव, आवृत्ती, चूक पुन्हा घडवून दाखवायच्या पायऱ्या आणि निर्मात्याला कळवलं की नाही, हे लिहा. पॅच येईपर्यंत त्या पायऱ्या कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.