वस्ती कशी हाय? विदर्भातल्या एका प्रश्नामागचा जमिनीचा इतिहास

काटोल, उमरेड, हिंगणघाट, वणी अशा तालुक्याच्या गावी, नाही तर थेट नागपूरच्या कडेला बेसा, वाडी, बुटीबोरीकडे प्लॉट पाहायला निघालेल्या शेतकरी कुटुंबाचा एक प्रश्न भाव विचारण्याच्याही आधी ठरलेला असतो: "वस्ती कशी हाय?" त्याच्या पोटातच दुसरा: "लोकं कोनते हायेत तिथं?" दलाल उत्तरादाखल दोन-चार आडनावं सांगतो आणि घरच्यांचं समाधान होतं. नाली, पाणी, कागद यांची चौकशी नंतर होते, कधी होतही नाही. ही चौकशी उलटी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भात वस्त्यांना चांगलं-वाईट नाव पडलं ते जमीन कोणाच्या हातात होती, पाणी कुठे उतरत होतं आणि सरकारी दप्तरात काय लिहिलं गेलं यावरून. तिथे राहणाऱ्या माणसांवर तो शिक्का नंतर बसला.

सुरुवात खेड्यापासूनच करावी लागते. गावाची शेती काळीत आणि वस्ती पांढरीत, ही जुनी विभागणी. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून घरं उंचवट्यावरच्या पांढरीत बांधली जात. पांढरीच्या मधोमध पाटलाचा वाडा, मारोतीचं देऊळ, विहीर. महारवाडा आणि मांगवाडा गावाच्या बाहेर, बहुतेक ठिकाणी नाल्याच्या अंगाला, उतारावर. गावाचं सांडपाणी आपसूक तिकडे वाहत जायचं, आणि गावच्या विहिरीवर मात्र त्या लोकांना चढू द्यायचे नाहीत. वरच्या आळीने खाली लोटलेली घाण, आणि नाव कोणाचं खराब झालं तर खालच्यांचं. कोलामांचे पोड, गोंडांच्या टोल्या तर बऱ्याच ठिकाणी गावठाणाच्या हद्दीतही नव्हत्या.

पारध्यांच्या बेड्यांचा, म्हणजे त्यांच्या वस्त्यांचा, हिशोब आणखी वेगळा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ आणि १९२४ मध्ये तो वाढवला. जन्मानेच माणूस गुन्हेगार, अशी नोंद सरकारदरबारी झाली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण अमरावती-यवतमाळकडच्या कित्येक गावांत आजही चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी बेड्यावरच जाते. बेड्याची बदनामी सरकारच्या कलमाने झालेली आहे, आणि ज्यांना ती पुसायची होती त्यांनी नुसतं कलम रद्द केलं, राहायला जागा दिली नाही.

वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांत इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. वऱ्हाडात खातेदार सरकारला थेट सारा भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाचे मालक करून टाकलं. शेत तर शेत, गावची आबादी, तलाव, पडीक, झाडोरा, सगळ्यावर मालगुजाराचा शब्द. घर बांधायला जागा कुठे मिळेल, ती वाड्याजवळ की तलावाच्या पाळीखाली, हे त्याच्या मर्जीवर. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले तेव्हा त्या गावची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती, आणि आश्रमाची जागाही त्यांच्याकडूनच मिळाली. बुलडाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. रस्ता धड नाही, हिवताप घरोघर, अशी त्या गावाची ख्याती होती. तीच जागा काही वर्षांत देशभरातले लोक पत्ता विचारत येतील अशी झाली. उदार मालगुजाराच्या गावात हे घडलं. बाकीच्या गावांत कोण कुठे बसणार हे ठरून गेलेलं होतं.

मालगुजारी गेली ३१ मार्च १९५१ ला. गावठाण, तलाव, पडीक जमिनी सरकारजमा झाल्या, आणि इथेच आजच्या अनेक 'वाईट' वस्त्यांचं मूळ आहे. मालगुजारांकडून आलेल्या ज्या पडीक जमिनीवर खुरटी झाडं होती, गुरं चरायची, लोक काड्या आणायचे, ती निस्तारासाठी, म्हणजे गावकऱ्यांच्या अशा रोजच्या वापरासाठी, ठेवली गेली आणि दप्तरात तिची नोंद झाली 'झुडपी जंगल'. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आजच्या सहा जिल्ह्यांत अशी जमीन पसरलेली आहे. ना धड रान, ना धड शेत. भूमिहीन मजूर तिथेच झोपडी टाकणार, दुसरी मोकळी जागा होती कुठे? ग्रामपंचायतीने शाळा बांधली तीही तिथेच, स्मशानभूमीही तिथेच.

पुढे १९८० चा वन संवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नोंदीत जंगल असेल ते जंगल धरलं जाऊ लागलं. झालं, वस्तीचे पट्टे, म्हणजे जागेच्या हक्काचे कागद, अडकले. पट्टा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून घर कुडाचं किंवा टिनाचं. रस्ता-नालीचा निधी आला की 'जागा वनाची' म्हणून परत जाणार. तीस-चाळीस वर्षं अशी काढलेल्या वस्तीकडे पाहून नवा माणूस म्हणतो, लोकच तसे आहेत. नागपुरात तर मोठमोठ्या सरकारी इमारतीही याच नोंदीच्या जमिनीवर उभ्या आहेत. त्या भागाला कोणी वाईट म्हणत नाही. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं सांगितलं, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिल्या गेलेल्या जमिनी वनक्षेत्रातून वगळण्यासाठी राज्याला केंद्राकडे प्रस्ताव पाठवायची वाट करून दिली. प्रस्ताव जिल्हा, राज्य, केंद्र असे फिरतात. तोवर त्या वस्तीतल्या पोरींची लग्नं 'घर कुठं हाय?' या प्रश्नावर अडतात, हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याचा मला राग येतो.

शहराकडे जाणाऱ्यांच्या वाट्यालाही जमिनीचं हेच प्रकरण आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल अत्यंत कठोर शब्द वापरले. नागपूर हे त्यांच्या चळवळीचं मोठं केंद्र होतं. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना १९४२ मध्ये तिथेच झाली. खेड्यातला महारवाडा सोडून निघालेल्या माणसाला उत्तर नागपुरात शाळा मिळाली, गिरणीत रोजी मिळाली, संघटना मिळाली. 'वस्ती कशी आहे' हे त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की इथे पाणी भरताना कोणी हटकत नाही. वस्तीची ही कसोटी दलालाच्या बोलण्यात कधीच येत नाही.

शहर वाढलं तसं नागपूर सुधार प्रन्यास हे १९३६ च्या कायद्याने आलेलं शहर वसवणारं खातं पुरं पडेना. भोवतालच्या शेतकऱ्याला पीक परवडेना, त्याने एकरांचे प्लॉट पाडून विकले. एन.ए., म्हणजे बिगरशेतीची परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही, स्टॅम्प पेपरवर ताबा. नागपुरात ५७२ आणि १९०० हे आकडे अशा लेआउटांच्या याद्यांवरून लोकांच्या तोंडी बसले. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारीचा, म्हणजे असे बिनमंजुरीचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचा, कायदा करून १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड नियमित करायची सोय केली, २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. तालुक्याच्या गावीही आता हेच चित्र आहे. एकाच रस्त्याच्या एका बाजूचा लेआउट मंजूर, म्हणून तिथे नाली, दिवे, नळ. दुसऱ्या बाजूला काही नाही, पावसाळ्यात पोरं चिखलातून दप्तर डोक्यावर घेऊन शाळेत जातात. दोन्हीकडची माणसं एकाच तालुक्यातून, कित्येकदा एकाच भावकीतून आलेली.

पाणी तर नावलौकिक पाहून आत शिरत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड धुऊन नेलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. पुढे गाव दुसरीकडे वसवावं लागलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट अशा प्रतिष्ठित वस्त्यांच्या बैठकीच्या खोल्यांत पाणी शिरलं.

वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. जातीवाचक नावं जाऊन समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं आली. निर्णय योग्यच होता, उशिराच झाला. पण फलक बदलल्याने नाल्याचा उतार बदलत नाही, आणि नव्या नावावरूनही लोक जात ओळखायला शिकलेच.

म्हणून गावाकडून प्लॉट पाहायला निघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आडनावं विचारत बसू नका. सातबारासोबत १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढून पाहा. झुडपी जंगल, तलाव, नाला, निस्तार असं काही होतं का ते त्यात कळतं. एन.ए., टी.पी. (नगररचना खात्याची मंजुरी) आणि प्रन्यासाच्या हद्दीत आर.एल. (रिलीज लेटर) हे तिन्ही कागद डोळ्यांनी बघा, झेरॉक्सवर जाऊ नका. जागा ऑगस्टमध्ये पाहा, मे महिन्यात प्रत्येक लेआउट कोरडाच दिसतो. शेजारची चार-पाच वर्षं जुनी घरं निरखा. काळ्या जमिनीत मुरुम लागेपर्यंत पाया नेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली असते, आणि पाणी साचत असेल तर भिंतीवर गुडघाभर उंचीचा ओलीचा पट्टा असतो. त्या घरातल्या बाईला विचारा, नळ किती वाजता येतो आणि नालीचं पाणी कुठे जातं.