कर्नलच्या चाचण्या, शेल स्क्रिप्ट आणि पहिल्या ओळीचा वाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन लिनक्स कर्नलच्या (कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) चाचण्यांकडे वळणाऱ्या मराठी मुलांपुढे तपासणीसाठी येणारा पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पुष्कळदा सी भाषेतला नसतो, तर शेल स्क्रिप्टमधला असतो. शेल म्हणजे टंकलेले आदेश चालवणारा प्रोग्राम आणि स्क्रिप्ट म्हणजे अशा आदेशांची फाइल. शेल त्यांना नवखे नसते. बेळगावात मुख्यालय असलेल्या, १९९८ साली स्थापन झालेल्या तंत्रविद्यापीठाच्या अभ्यासक्रमात युनिक्स आणि शेल प्रोग्रॅमिंग हा विषय बरीच वर्षे स्वतंत्रपणे शिकवला जात होता. मात्र त्या विषयाची परीक्षा स्क्रिप्ट लिहिण्याची होती. दुसऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्टमधला बदल वाचून तो स्वीकारायचा की परत पाठवायचा, हे तिथे कोणी विचारत नव्हते. या कामाची पार्श्वभूमी बहुतेकांना नोकरीला लागल्यावर, तुकड्यातुकड्यांनीच कळते.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. आजच्या शेलचा मूळ साचा १९७९ च्या युनिक्स आवृत्तीत आला, बॅश हे शेल १९८९ मध्ये आले आणि शेलची प्रमाणित व्याख्या १९९२ मध्ये निश्चित झाली. कर्नलसाठीचा पहिला मोठा सामायिक चाचणीसंच २००० च्या सुमारास उभा राहिला. पॅचखाली स्वाक्षरीची ओळ देण्याची शिस्त २००४ मध्ये लागली आणि पुढच्याच वर्षी गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन आले. फाइल सिस्टिमच्या चाचण्या, ब्लॉक उपकरणांच्या चाचण्या आणि कर्नलच्या सोर्समध्येच राहणाऱ्या स्व-चाचण्या यांचा पसारा त्यानंतर वाढत गेला. या चाचण्यांमध्ये मॉड्यूल (कर्नलचा सुटा भाग) चढवणे, नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचा वेगळा कप्पा) तयार करणे, डिस्क जोडणे आणि काम झाल्यावर सारे पूर्ववत करणे अशी कामे असतात आणि ती शेलमध्ये चार ओळींत होतात. त्यामुळे सी भाषेचा आग्रह धरणाऱ्या या क्षेत्रात शेलला मागच्या दाराने नव्हे, तर राजरोस प्रवेश मिळाला.

स्क्रिप्टची पहिली ओळ ती कोणत्या शेलने चालवायची ते सांगते; 'एसएच' हे त्यासाठीचे सर्वसाधारण नाव, आणि त्यामागे प्रत्यक्षात कोणते शेल आहे ते यंत्रागणिक बदलू शकते. खरा पेच निर्माण झाला तो २००६ मध्ये. त्या वर्षी एका लोकप्रिय लिनक्स वितरणाने (लिनक्सच्या वापरायला तयार आवृत्तीने) यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून 'एसएच' या नावामागचे बॅश काढून तिथे डॅश हे छोटे, चपळ शेल बसवले. ज्या वितरणावर ते आधारलेले होते, त्यानेही २०११ च्या आवृत्तीत तोच मार्ग धरला. दुसऱ्या मोठ्या घराण्यातील वितरणांनी मात्र 'एसएच' म्हणजे बॅश हीच व्यवस्था कायम ठेवली. परिणामी एकच स्क्रिप्ट कॉलेजच्या प्रयोगशाळेतील यंत्रावर एका शेलमध्ये चालते आणि विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर दुसऱ्याच, आणि चालवणाऱ्याला आपण दोन ठिकाणी वेगवेगळे काही चालवत आहोत याची कल्पना नसते.

चाचणीच्या बाबतीत हा फरक किती महागात पडतो, हे एका उदाहरणावरून दिसते. पहिल्या ओळीत 'एसएच' मागितलेले आहे, आणि पुढे चौकटी कंसातील तुलनेत एका बरोबर चिन्हाऐवजी दोन बरोबर चिन्हे आहेत. अट अशी आहे की परतीचा आकडा (आदेश संपताना देतो तो; शून्य म्हणजे यश) अमुक असल्यास चाचणी नापास नोंदवावी. बॅश ही तुलना बिनतक्रार करते. डॅश ‘अनपेक्षित ऑपरेटर’ असा संदेश त्रुटीच्या प्रवाहात टाकते आणि २ हा आकडा परत करते; अट खरी न ठरल्यामुळे नापास नोंदवणारी ओळ गाठलीच जात नाही, आणि स्क्रिप्ट शेवटी शून्य परतवून पास होते. कर्नलमध्ये दोष आहे, चाचणीने तो गाठलाही आहे, तरी अहवाल मात्र हिरवा आहे. नेहमीच्या प्रोग्राममधली चूक वापरणाऱ्याला कधी ना कधी भोवते. चाचणीतली अशी चूक कोणालाच भोवत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते.

यावर दोन तट पडले आणि ते अजून मिटलेले नाहीत. सर्वांत जुन्या सामायिक संचाने स्क्रिप्ट प्रमाणित शेलपुरत्याच ठेवण्याचा नियम केला, कारण त्याच्या चाचण्या बिझीबॉक्ससारख्या तुटपुंज्या साधनांवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांवरही चालवायच्या असतात. फाइल सिस्टिम आणि ब्लॉक उपकरणांच्या संचांनी उघडपणे बॅश मागितले. कर्नलच्या आतील स्व-चाचण्यांमध्ये दोन्ही प्रकार शेजारीशेजारी नांदतात. नियमाच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे, हे मान्यच करावे लागेल. तरीही प्रस्तुत लेखकाला बॅश उघडपणे मागणारी पहिली ओळ अधिक प्रामाणिक वाटते. ॲरे (एका नावाखालची यादी), पाइपमधील (एकाचे फलित दुसऱ्याला देणाऱ्या आदेशांच्या साखळीतील) अपयश पकडण्याची सोय यांवाचून लिहिलेली लांबलचक चाचणी 'सर्वत्र चालते' हे खरे, पण ती वाचून तपासणाऱ्याची दमछाक होते आणि दमलेल्या तपासनिसाच्या नजरेतून नेमके तेच निसटते ज्यासाठी त्याला बसवलेले असते. पहिल्या ओळीत 'एसएच' आणि पोटात बॅश, हा तिसरा प्रकार मात्र कोणत्याच तटाला समर्थनीय वाटत नाही, आणि प्रत्यक्षात सापडतो तो हाच.

२०१२ मध्ये आलेल्या शेलचेक या, स्क्रिप्टमधील चुका दाखवणाऱ्या साधनाने तपासणीचा बराच भार हलका केला. एकाच ओळीत स्थानिक चल घोषित करून त्यात आदेशाचे फलित भरले, तर त्या आदेशाचे अपयश झाकले जाते, कारण घोषणा स्वतः यशस्वी ठरते. हे डोळ्यांनी सहसा दिसत नाही, साधन ते लगेच दाखवते. मात्र त्याबरोबर नवा त्रासही आला. केवळ साधनाच्या सूचना गप्प करण्यासाठी पाठवलेले, अवतरणचिन्हे भरणारे मोठमोठे पॅच येऊ लागले. असा बदल निरुपद्रवी दिसतो, पण जिथे शब्द मुद्दाम सुटे व्हायला हवे होते तिथे अवतरणचिन्ह पडले की आदेशाला पाच पर्यायांऐवजी एकच लांब पर्याय मिळतो.

परतीच्या आकड्यांचा गोंधळ त्यामानाने लहान आहे, पण एका संचातून दुसऱ्यात आलेला माणूस त्यावर हमखास ठेचकाळतो. स्व-चाचण्यांमध्ये ४ म्हणजे चाचणी वगळली; जुन्या सामायिक संचात ४ म्हणजे इशारा, आणि वगळल्याचा आकडा ३२. स्व-चाचण्यांमधील अनेक स्क्रिप्ट आवश्यक साधन नसताना शून्य परतवून पास झाल्याचे भासवत असत. २०१८ मध्ये त्या ओळीने दुरुस्त करण्यात आल्या. फाइलच्या परवानग्यांचेही असेच आहे: जुन्या पद्धतीने पॅच लावला की नव्या स्क्रिप्टचा चालवण्याची परवानगी देणारा बिट हरवतो, म्हणून बदल वाचताना मजकुराच्या वरची, परवानगीचा आकडा दाखवणारी ओळही पाहावी लागते.

पाइपमधील अपयश पकडण्याची जी सोय बॅशच्या बाजूने सांगितली जात होती, ती शेलच्या २०२४ च्या प्रमाणित व्याख्येत अधिकृतपणे दाखल झाली आहे. त्यामुळे वादातील एक मुद्दा कागदावर तरी निकाली निघाला. परंतु ज्या छोट्या उपकरणांसाठी प्रमाणित शेलचा नियम केला गेला, त्यांच्यावरील शेल जुनेच असतात आणि कित्येकदा ती बदलणे चाचणी करणाऱ्याच्या हातात नसते. त्यामुळे ही सोय वापरणारा पॅच आला की तो कोणत्या संचासाठी आहे आणि सर्वांत जुने कोणते शेल चालवायचे आहे, हे तपासनिसाला आजही आधी विचारावेच लागते.