गोळ्यांची स्ट्रिप अन् अंगाऱ्याची पुडी

मावशीच्या उशाशी मॉर्फिनच्या, म्हणजे दुखणं थांबवायच्या गोळ्यांची स्ट्रिप अन् टेकडीच्या गणपतीचा अंगारा, दोन्ही एकाच रबरबँडात बांधलेलं असायचं. कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. घरात कोणी ताजबागच्या दर्ग्याला जाऊन यायचं, कोणी जप करायचं, आणि मी, सायन्सवाला, गालात हसायचो.

प्रार्थनेनं पेशंट बरा होतो का हे तपासून झालंय बरं का. 2006 साली अमेरिकेत बायपासच्या 1802 पेशंटवर मोठा प्रयोग झाला, त्यात अनोळखी लोकांनी त्यातल्या काहींसाठी प्रार्थना केली, फायदा काहीच दिसला नाही. उलट ज्यांना 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असं पक्कं सांगितलं होतं त्यांच्यातच कॉम्प्लिकेशन्स जास्त, 59 टक्के, बाकीच्यांत 51-52. (टेन्शन आलं असेल, बाप्पा, इतकं सिरीयस आहे काय?)

पण ती दुसऱ्यानं केलेली प्रार्थना. पेशंटची स्वतःची श्रद्धा ही वेगळीच भानगड आहे. 2009 मध्ये अमेरिकेतल्याच 345 अॅडव्हान्स्ड कॅन्सर पेशंटचा अभ्यास छापून आला. मला वाटलं होतं भाविक माणूस शांतपणे जात असेल, पण देवाचा आधार जास्त घेणाऱ्यांपैकी 11.3 टक्के शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरवर होते, बाकीच्यांत 3.6. चमत्काराची आशा असेल, किंवा श्वास थांबवणारे आपण कोण असं वाटत असेल.

आणि श्रद्धा सगळ्यांची सारखी नसते. केनेथ पार्गामेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दोन प्रकार केले, एक म्हणजे देव माझ्यासोबत आहे, दुसरा म्हणजे देवानं मला शिक्षा केली. दुसऱ्या प्रकारातल्या कॅन्सर पेशंटची मनाची अवस्था जास्त वाईट असते असं अभ्यासांत दिसलंय. पण आपल्याकडं हे विचारतं कोण? ओपीडीत डॉक्टर रिपोर्ट बघतात, नंबर पुढं सरकतो.

शेवटी पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी करायला येणाऱ्या सिस्टर घरी आल्या अन् त्यांनी सरळ विचारलं, "काकू, देवावर राग आहे का?" मावशी रडायलाच लागली. कोराडीच्या देवीची ओटी भरायची राहिली म्हणे, तीस वर्षांपूर्वीचा नवस, म्हणून हे भोग, आणि भोग तर भोगूनच संपवायचे ना. सिस्टरनं रबरबँड सोडला, स्ट्रिप उलटी करून पाहिली.

एक गोळी कमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीच कोराडीला गेलो, खण-नारळ घेऊन. संध्याकाळी मावशीनं पाणी मागितलं अन् गोळी घेतली.