मॅगसल्फच्या प्रत्येक डोसआधी गुडघा का ठोकतात

गरोदरपणातल्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच मॅगसल्फ, हे आज पहिलं औषध आहे. भारतात मात्र त्याला ही जागा मिळायला वेळ लागला. 1961 मध्ये मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी क्लोरप्रोमाझीन, प्रोमेथाझीन आणि पेथिडीन एकत्र वापरण्याची पद्धत मांडली. हे 'लिटिक कॉकटेल' आपल्या प्रसूतिकक्षांत बरीच वर्षं चाललं. त्यात आई गाढ गुंगीत जायची, म्हणून तिला कुशीवर ठेवणं, तोंडातला स्राव ओढून काढणं आणि रक्तदाबावर डोळा ठेवणं यातच नर्सची ड्यूटी जायची. 1995 च्या मोठ्या चाचणीत भारतासह अनेक देशांतल्या सुमारे 1,700 रुग्ण होत्या. मॅगसल्फवर पुन्हा झटके येण्याचं प्रमाण झटक्यांवरच्या इतर दोन औषधांपैकी डायझेपामच्या निम्म्याहून कमी आणि फेनिटॉइनच्या साधारण एक तृतीयांश निघालं. तिथून वाद मिटला.

आपण वापरतो ती मात्रा डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातल्या डॉ. प्रिचर्ड यांची, 1955 पासूनची. आधी 4 ग्रॅम शिरेतून सावकाश, सोबत दोन्ही नितंबांत 5-5 ग्रॅम खोलवर. मग दर 4 तासांनी बाजू बदलून 5 ग्रॅम. पुढच्या प्रत्येक डोसआधीच्या तीन तपासण्याही त्याच पद्धतीतल्या: नी-जर्क (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय झटकन उडणं) आहे का, श्वास मिनिटाला 16 च्या खाली नाही ना, मागच्या 4 तासांत लघवी 100 मिलीच्या वर झाली का.

हा क्रम औषधाच्या स्वभावातून आला आहे. रक्तात मॅग्नेशियम 4 ते 7 मिलिइक्विव्हॅलंट (मोजण्याचं एकक) प्रति लिटर असताना झटके थांबतात. 10 च्या आसपास नी-जर्क जातो, 12 च्या आसपास श्वास थांबू शकतो. म्हणजे गुडघा आधी सांगतो, आणि मध्ये वेळ फार थोडा असतो. मॅग्नेशियम बाहेर पडतं ते जवळजवळ फक्त मूत्रपिंडातून. लघवी आटली की नेहमीचाच डोस साचत जातो. स्पायनल (कमरेतून दिलेली भूल) दिलं असेल तर गुडघा उपयोगाचा नाही, कोपराचा रिफ्लेक्स पाहावा. अंगात ऊब येणं आणि चेहरा लाल होणं अपेक्षितच आहे, ते आईला आधीच सांगावं.

चुका बहुतेक अँप्यूलपाशी होतात. 50 टक्क्यांच्या 2 मिलीत 1 ग्रॅम असतो, 25 टक्क्यांच्या तेवढ्यातच अर्धा. शिरेतल्या 4 ग्रॅमसाठी 50 टक्क्यांचं 8 मिली घेऊन 12 मिली सलाईन मिसळावं. तसंच न पातळ करता शिरेतून कधीच देऊ नये. मॅगसल्फवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट 10 टक्के, 10 मिली, खाटेशीच ठेवावं. श्वास मंदावला तर मॅगसल्फ थांबवून, ऑक्सिजन लावून ते सुमारे 10 मिनिटांत शिरेतून सावकाश द्यावं.

उपकेंद्रातून एएनएम (सहायक परिचारिका) पहिला 10 ग्रॅमचा डोस नितंबांत देऊन रुग्ण पुढे पाठवते. तो वेळेसह चिठ्ठीवर लिहिलेला नसेल, तर मोठ्या रुग्णालयात पूर्ण डोस पुन्हा दिला जाण्याचा धोका असतो.