इम्प्लांटचा स्क्रू सैल का व्हायचा?

निपाणी-खानापूरकडून दात दाखवायला बेळगावला येणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: 'बसवलेला दात हलतोय.' इम्प्लांटच गेला असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. बऱ्याचदा हाडातला टायटॅनियमचा खुंटा पक्का असतो, सैल झालेला असतो वरचा, दात खुंट्याला धरून ठेवणारा स्क्रू. या दुखण्याचं मूळ स्वीडनमध्ये आहे.

स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. त्यांच्या इम्प्लांटच्या माथ्यावर जेमतेम ०.७ मिमी उंचीचा षटकोन असे. तो होता खुंटा हाडात पिळताना अवजाराला पकड मिळावी म्हणून. रुग्ण पूर्ण बोळके, पाच-सहा खुंट्यांवर एकसंध कवळी. त्यामुळे काही फिरायचा प्रश्नच नव्हता. पुढे ऐंशीच्या दशकात त्याच षटकोनावर एकेकटे दात बसू लागले आणि ज्या कामासाठी तो घडवलाच नव्हता, ते त्याच्या गळ्यात पडलं.

स्क्रू आवळताना किंचित ताणला जातो आणि तो ताणच जोड दाबून धरतो. पण आवळण्याचा बहुतेक जोर घर्षणातच खर्ची पडतो. शिवाय आट्यांवरचे बारीक उंचवटे चेपले की ताण थोडा उतरतो. म्हणून अनेक डॉक्टर दहा मिनिटं थांबून पुन्हा आवळतात, तेही टॉर्क रेंचने, म्हणजे मोजक्या जोराने आवळणाऱ्या पान्याने. हाताच्या अंदाजावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. दाढेवर आडवा जोर आला, जोडात फट पडू लागली, की स्क्रू हळूहळू उलटा फिरतो.

उपाय म्हणून जोड खुंट्याच्या आत गेला. अमेरिकेत जेराल्ड निझनिक यांनी आतला षटकोन आणला. स्वित्झर्लंडच्या स्ट्रॉमन कंपनीने दर बाजूला ८ अंश उताराचा शंकू वापरला, स्वीडिश अ‍ॅस्ट्राने ११ अंशांचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याला यात नवल वाटणार नाही. स्टीफन मोर्स यांचा १८६०च्या दशकातला टेपर, म्हणजे निमुळता जोड, तो रोज वापरतो. ड्रिल निमुळत्या भागानेच धरलं जातं, काढायला पाचर ठोकावी लागते. मात्र खऱ्या मोर्स टेपरचा उतार दर बाजूला दीड अंशाच्या आसपास असतो, त्यामुळे इम्प्लांटच्या माहितीपत्रकांतला 'मोर्स टेपर' जरा सैलच अर्थाने घ्यावा. यातल्या बहुतेकांना स्क्रू लागतोच.

बाहेरचा षटकोनही बाद झालेला नाही. शंकू आवळताना जोड किंचित खाली बसतो. अनेक खुंट्यांवरच्या दातांच्या पुलात (ब्रिजमध्ये) ते अडचणीचं ठरतं, तिथे बाहेरचा षटकोन अजून चालतो. म्हणूनच पुण्या-मुंबईला बसवलेल्या दाताचा स्क्रू बेळगावात आवळायचा तर आधी कंपनी आणि मॉडेल कळावं लागतं. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला बसेलच असं नाही. इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवलेलं बरं.